देवी बसलेली होडी

दुगावचा फाटा मागे पडला तरी योगिनीबाई बोलायला तयार नव्हत्या. गिरणाऱ्याहून निघून तास होऊन गेला होता. मधे बस आली होती. ललिताने हात केला, ड्रायव्हरने गाडी थांबवलीसुद्धा, पण बाई मान ताठ ठेवून तशाच पुढे निघून गेल्या. कंडक्टर ललितावरच खेकसला, "मावशी, यायचंय का नुसतीच गाडी बघायचीय?" मग तिनेच हात जोडून त्याला पुढे पाठवलं आणि पदर खोचून बाईंच्या मागे पळाली.

बाई साठीच्या, ललिता पन्नाशीची. पण चालण्यात बाईंना गाठणं तिला कधीच जमलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना पळवलेली बाई ती. रागात असली की पावलं आणखी लांब पडायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाच्या बागा नुकत्याच छाटलेल्या होत्या. तारांवर नुसत्या उघड्याबोडक्या काड्या, आणि हवेत फवारणीचा उग्र वास. सावली म्हणून कुठे नव्हती.

"बाई, जरा हळू. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय."

"काढ आणि हातात घे."

"खडी टोचते ना."

बाई थांबल्या. मागे वळल्या. तासाभरात पहिल्यांदा त्यांनी ललिताकडे नीट पाहिलं.

"वीस वर्षं मी तुझ्याकडून शीड शिवून घेतलं, ललिता. तुला तोंडपण शिवता येतं हे मला आज कळलं."

ललिताने मान खाली घातली. चप्पल काढून हातात घेतली आणि खडीवरून चालायला लागली. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते बाईंना आवडलं नसतं.

योगिनी सांगळे मूळच्या सिन्नरकडच्या. घरी शेती, तीन भावांत ही एकटी मुलगी. कॉलेजात एन. सी. सी. घेतली, तेव्हा मुंबईला शिबिराला गेली आणि तिथे कुणीतरी तिला शिडाच्या होडीत बसवलं. त्या दिवसापासून ही पोरगी वाऱ्यावर गेली असं तिचे भाऊ म्हणत. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं की म्हणायच्या, "वेळच नाही झाला. रोज सकाळी पी. टी., संध्याकाळी कबड्डी." सातपूरच्या एका मराठी शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की कारखान्यातल्या सुपरवायझरने ऐकत राहावं. कुणाकडे काही मागायचं त्यांना माहीतच नव्हतं. शिट्टी वाजवली की काम व्हायचं.

चाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईच्या एका क्लबाने मोडीत काढलेली बारा फुटी लाकडी होडी विकत घेतली आणि टेम्पोत घालून कसारा घाट चढून नाशकात आणली. भाऊ म्हणाले, त्या पैशात प्लॉट झाला असता. शाळेतले सर हसले, नाशकात समुद्र कुठाय म्हणाले. "समुद्र कशाला पाहिजे? गंगापूरचं धरण आहे," बाई म्हणाल्या, आणि धरणाच्या काठावर एका शेतकऱ्याच्या बांधाला होडी ठेवून दिली. दोन उन्हाळे त्यांनी कुजलेल्या फळ्या बदलल्या, घासल्या, रंगवल्या. निळा रंग, वर पांढरा पट्टा, आणि नाकाजवळ स्वतःच्या अक्षरात नाव: टिटवी.

ललिताची आणि बाईंची ओळख मात्र आधीची. ललिता शाळेच्या मुलींचे पी. टी.चे स्कर्ट शिवायची. एकदा बाई खांद्यावर गोधडीसारखं काहीतरी टाकून तिच्या दाराशी आल्या. शीड होतं. मधोमध उभं फाटलेलं. "शिवशील?" ललिताने कापड हातात घेऊन पाहिलं. त्या जाड, गुळगुळीत, पत्र्यासारख्या वाजणाऱ्या कापडावर तिच्या मशीनच्या पाच सुया मोडल्या. पण शिवलं. गल्लीत शीड अंथरून, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवून, गुडघ्यावर बसून शिवलं. तेव्हापासून टिटवीच्या शिडावरचा एकेक टाका तिच्या हातचा होता.

नाव तेवढं तिला पटलं नव्हतं. "बाई, टिटवी ओरडली की आमच्याकडे लोक दार लावून घेतात. दुसरं काहीतरी ठेवा. गोदावरी ठेवा."

"गोदावरी खाली वाहतेच आहे की. पुन्हा वर कशाला लिहायची? टिटवी पाण्याकाठी राहते, कुणी अंडी चोरायला आलं की आरडाओरडा करते. मला तसलाच पक्षी आवडतो."

ललिता दर मोसमाच्या सुरुवातीला होडीच्या नाकाला हळदकुंकू लावायची, समोरच्या दगडावर नारळ फोडायची, आणि बाई तेवढ्यापुरत्या बूट काढून उभ्या राहायच्या. त्यांचा विश्वास नव्हता आणि विरोधही नव्हता. पण वीस वर्षांत ललिता एकदाही होडीत बसली नाही. तिचं माहेर येवल्याचं. "आमच्याकडे पाणी म्हणजे हंड्यात बघायची वस्तू," ती म्हणायची. "एवढं पसरलेलं बघितलं की पोटात गोळा येतो. मी काठावर बरी." बाई दर वेळी म्हणायच्या, "बस तशीच. एक दिवस काठच आत घेऊन जाईन."

दोन वर्षांपूर्वी बाई जिन्यावरून पडल्या आणि उजवा खांदा निखळला. बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. शीड चढवायचं म्हणजे दोर दोन्ही हातांनी वर ओढायला लागतो. शीड निम्म्यावर जाऊन अडकायचं आणि बाई दात खाऊन उभ्या राहायच्या. त्यात ज्या बांधाला टिटवी असायची ते शेत विकलं गेलं. नव्या मालकाने कुंपण घालायला काढलं आणि दसऱ्याच्या आत जागा मोकळी करा म्हणून निरोप दिला. मग एक दिवस बाई ललिताला म्हणाल्या, "विकते."

ललिताला रडू आलं. बाईंना नाही. "रडतेस काय? लाकडी होडी उन्हात उभी राहिली तर चार महिन्यांत तिचे सांधे उघडतील. पाण्यात नेणारा माणूस पाहिजे. तेवढंच. बाकी कोण का असेना."

तेवढंच सापडेना. मोबाईलवर फोटो टाकल्यावर माणसं येऊ लागली, आणि आली की आधी इकडेतिकडे बघायची. "साहेब कुठेत?"

"कुठले साहेब?"

"नाही, म्हणजे होडी कुणाची?"

"माझी."

"हां हां. पण चालवत कोण होतं?"

एकाने विचारलं, कितवे मालक तुम्ही? दुसऱ्याने आर. सी. बुक मागितलं. तिसऱ्याने होडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला मारतात तशी बुडाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "ॲव्हरेज किती देते?" बाई म्हणाल्या, "वाऱ्यावर चालते." तो म्हणाला, "ते झालं हो, पण लिटरला किती?" एक मंगल कार्यालयवाला आला, त्याला ती फाटकात उभी करून नवरानवरीचे फोटो काढायचे होते. आणि एक गृहस्थ तर होडी एवढी चकचकीत बघूनच बिचकले. "वीस वर्षं जुनी म्हणता आणि एक ओरखडा नाही? ॲक्सिडेंट झाकलाय का काय?" बाईंनी त्याला बांधावरून हाकलला तेव्हा शिट्टी गळ्यात नव्हती, तरी ललिताला ती ऐकू आली.

मग दीपक आला. गिरणाऱ्याचा, तिशीचा, द्राक्षबागाईतदार. इंजिनियरिंग करून पुण्यात नोकरी केलेला आणि ती सोडून घरची बाग बघणारा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मला येईल का हो शिकता?" बाईंनी त्याला चार रविवार घासला. वारा कुठून येतोय ते कानाच्या पाळीला कळलं पाहिजे, मोबाईलमध्ये बघायचं नाही. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून असलेली मधली पाटी पाण्यात सोडल्याशिवाय शीड भरायचं नाही. चपला काठावर. चौथ्या रविवारी दीपक एकटा पलीकडच्या काठाला जाऊन परत आला. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जमतंय." एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी किती पोरांना दिला असेल, बोटांवर मोजण्याइतक्या.

व्यवहार ठरला. दीपकच्या आईने, सुमनबाईंनी, हातावर साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागला.

"आवो बाई, पित्रात नवी वस्तू दारात आणायची नाय," सुमनबाईंचा फोन आला. "आमच्यात चालत नाय. घटाच्या दिवशी घेऊन जातो ना. पंधरा दिवसांनी काय व्हतंय?"

व्हायचं ते झालंच. बांधाचं कुंपण येऊन ठेपलं होतं. बाई तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. म्हणून टिटवी टेम्पोतून सातपूरला आली आणि ललिताच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत चार जुन्या टायरांवर, ताडपत्रीखाली उभी राहिली. ललिताला बाईंनी बजावलं होतं, "कुणाला हात लावू देऊ नकोस." ललितानेही ते मनावर घेतलं होतं. पोरं वर चढली तर ती इस्त्री हातात घेऊन बाहेर यायची.

सर्वपित्रीच्या दिवशी बाई वडिलांच्या श्राद्धाला सिन्नरला गेल्या होत्या. त्या सकाळी ललिता शेजारच्या भागीबाईंना भिंतीवरच्या दिनदर्शिकेतलं वाचून दाखवत होती. भागीबाईंना दिसत कमी. "यंदा घट बुधवारी बसतायत," ललिता म्हणाली. "बुधवारी बसले की देवी नावेतून येते, असं दिलंय बघा."

"नावेतून?" भागीबाई म्हणाल्या. "मंग ही काय दारात हाय की."

दोघी हसल्या. ललिताला वाटलं, एवढंच झालं. पण गल्लीच्या मंडळाचा महेश समोर मोटारसायकल धूत होता. त्याने पाइप बंद केला. दिनदर्शिकेकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं.

संध्याकाळी तो पाच-सहा जणांना घेऊन आला. "काकू, दरवर्षी आपण तोच थर्माकोलचा डोंगर करतो. यंदा देवी आपणहून नाव घेऊन आलीय. तुमच्याच दारात. आता तुम्हीच नाही म्हणताय?"

"माझी नाही रे ती. बाईंना विचारते."

बाईंचा फोन लागेना. तीनदा लावला.

"काकू," महेश म्हणाला, "देवीला बसवायला विचारायला लागतं का?"

ललिताने एकदा ताडपत्रीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला नाही म्हणावंसंच वाटलं नाही. तिच्या मनात आलं, वीस वर्षं मी शीड शिवते. आता त्या शिडाखाली आई येऊन बसणार. याहून चांगलं काय व्हायचं त्या होडीचं? तिने मान हलवली. रात्रीत ताडपत्री निघाली, झालर लागली, होडीत फळ्या टाकून चौथरा झाला.

बुधवारी दहा वाजता योगिनीबाई आणि दीपक टेम्पो घेऊन गल्लीत शिरले तेव्हा ढोल वाजत होता. टिटवीत देवी बसलेली होती. पुढ्यात घट, मातीत धान पेरलेलं, अखंड दिवा लावलेला. 'टिटवी' या अक्षरांवर फ्लेक्स ठोकला होता: नौकावासिनी माता. बाई पुढे गेल्या. देवीला नमस्कार केला, तेवढं त्यांनी पाळलं. मग वाकून होडीच्या काठाकडे बघितलं.

"खिळे कोणी मारले?"

"मॅडम, देवीसाठीच..." महेश म्हणाला.

"देवीने मारले का?"

सात खिळे होते. ज्या काठावर बाईंनी वीस वर्षं एक ओरखडा येऊ दिला नव्हता त्यात. आणि आता घट बसला होता, म्हणजे दसऱ्यापर्यंत काहीच हलणार नव्हतं. बाईंनी टेम्पो रिकामा परत पाठवला. ललिताशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. ललिता रोज पहाटे अंघोळ करून होडीपुढे दिवा पाहायला जायची, तेल घालायची आणि मनात म्हणायची, आई, तू बसलीस ते बरंच झालं, पण बाईंचं काम अडवू नकोस.

आठव्या माळेला सुमनबाई दर्शनाला आल्या. ओटी भरली, होडीच्या नाकाला डोकं टेकलं, डोळे भरून आले त्यांचे. ललिताला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं.

दसऱ्याला मूर्ती उठली, रामकुंडाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दीपकचा फोन. "बाई, आई नाही म्हणतेय."

म्हणून आठवड्याने आज, शनिवारी, दोघी गिरणाऱ्याला गेल्या होत्या. सुमनबाईंनी चहा केला, पोहे केले, बाईंना खुर्ची दिली. बोलण्यात कुठे कसर ठेवली नाही.

"आवो, रागावू नका. लय भारी होडी हाय तुमची. म्हणूनच सांगते. देवी बसली त्यात. नऊ दिस बसली. आता माझ्या पोरानं त्यात ढुंगण टेकायचं? त्याचे मित्र येणार, कोण काय खाणार, काय पिणार. मला झोप यायची नाय."

"आई, मित्र नाही कुणी येणार," दीपक म्हणाला.

"तू गप. तुला काय कळतं?" मग त्या ललिताकडे वळल्या. "ताई, तुम्ही देवाधर्माच्या दिसता. तुमच्याच दारात बसली ना ती? तुम्ही सांगा. तुम्ही बसल्या असत्या का त्यात?"

सगळे ललिताकडे बघायला लागले. योगिनीबाईसुद्धा. ललिताने पोह्यांच्या ताटलीकडे बघितलं आणि काही म्हणाली नाही.

"बघा," सुमनबाई म्हणाल्या. "त्याही नाय म्हणतात."

म्हणून बाईंनी बस सोडली होती.

आता रस्ता जरा चढाला लागला. वरून डाव्या हाताला धरणाचं पाणी दिसतं. बाई तिथे पोचल्या आणि मोरीच्या कठड्यावर एकदम बसल्या. खांदा दुखत असावा. डाव्या हाताने त्यांनी उजवा दंड धरून ठेवला होता. ललिता अनवाणी पायाने लंगडत आली आणि थोडं अंतर ठेवून बसली.

"घरी गेल्यावर काय बघायला मिळणार ठाऊक आहे?" बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "भागीबाई चपला काढून होडीपुढे दिवा लावत असेल. काल कुणीतरी नवस बोलून हिरवा चुडा ठेवून गेलंय. तो महेश काल मला काय म्हणाला? 'मॅडम, पत्रे सांगितलेत, शेड मारू. कायमची जागा करू. तुमचं नाव टाकू पाटीवर.' माझं नाव! मी जिवंत आहे अजून. आणि टिटवी तिथे टायरांवर सुकून चालली. काल मी खालच्या सांध्यात नख घातलं. गेलं आत."

ललिताला ते माहीत होतं. तिनेही बघितलं होतं.

"मी त्या महेशला काय बोलू? त्याचा काय दोष? त्या सुमनबाईचा तरी काय? प्रत्येक जण हात जोडून उभा आहे. भांडायचं कुणाशी? लाथ मारणारं गिऱ्हाईक परवडलं, त्याला हाकलता येतं. ही माणसं पाया पडून होडी मारतायत." बाईंचा आवाज चिरकला. "आणि तू. तुला तिने सरळ विचारलं होतं."

"खोटं कसं बोलू, बाई?"

"म्हणजे तुलाही तेच वाटतं."

"मला तेच वाटत होतं," ललिता म्हणाली. मग ती वाकली. पायाला रुतलेला खडा काढला. "त्यांनी विचारलं तेव्हा. पण मग तुम्ही बस सोडलीत, आणि एवढं चालायला लावलंत. चालताना डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. आमच्या गणपतीचा चौरंग माहितेय ना तुम्हाला?"

"आता गणपती कुठून आला?"

"ऐका तर. दीड दिवस गणपती बसतो त्याच्यावर. आम्ही त्याला चुकून पाय लागू देत नाही. मग उत्तरपूजा होते. अक्षता टाकायच्या, पुन्हा ये म्हणायचं, मूर्ती जराशी हलवायची. झालं. देव गेला. दुसऱ्या दिवशी तोच चौरंग मी धुते आणि त्याच्यावर बसून कापड बेतते. वर्षभर. तुमच्या शिडाची पट्टीसुद्धा त्यावरच बसून कापलीय मी. कधी मनात नाही आलं की देवाची जागा आहे."

"दसऱ्याला उत्तरपूजा झाली होती?"

"झाली ना. मी तिथेच होते. महेशच्या हातून अक्षता टाकून घेतल्या गुरुजींनी. मूर्ती हलवली. मी 'पुन्हा ये' म्हणाले." ती बाईंकडे वळली. "देवी उठलीय, बाई. राहिलंय ते लाकूड. आपण सगळेच विसरलो. मीसुद्धा."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, उलट वाढला होता.

"हे तिथे का नाही बोललीस?"

"तिथे सुचलं नाही."

"पोहे सुचले. चहा दोनदा सुचला."

"त्यांनी दिला तर नाही कसं म्हणायचं?"

"ललिता, तुला त्या महेशलाही नाही म्हणता आलं नाही. पोह्यांनाही नाही. सगळ्या जगात नाही म्हणायला तुला एकटी मीच सापडले. वीस वर्षं म्हणतेयस. बस म्हटलं, चल म्हटलं, पाण्यात ये म्हटलं. नाही, नाही, नाही."

ललिता हसली आणि मग तिला रडायला आलं. पदराने नाक पुसलं. "मी फोन लावते सुमनबाईंना. आत्ता लावते. सांगते चौरंगाचं."

"नको." बाईंनी हात आडवा धरला, डावा. "फोनवर सांगून तिला पटणार नाही. तिने तुला काय विचारलं होतं ते आठव. चालतं का, असं नव्हतं विचारलं. तुम्ही बसल्या असत्या का, असं विचारलं होतं."

खाली धरणाच्या पाण्यावर ऊन तिरकं आलं होतं. वारा पलीकडून या काठाला येत होता. पाण्यावर त्याचे बारीक चट्टे दिसत होते. बाईंनी सवयीने कान तिकडे वळवला. ललिताने त्यांना असं हजार वेळा बघितलं होतं. आणि आता पुढे काय येणार ते तिला कळलं, आणि तिने पाण्यावरची नजर काढून घेतली.

बाई उभ्या राहिल्या नाहीत. आवाज चढवला नाही. एकतीस वर्षांत शाळेत कुणी, आणि वीस वर्षांत ललिताने, त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. शब्द शोधत बोलल्यासारख्या बोलल्या.

"उद्या रविवार आहे. आज रात्रभर होडीत ओली पोती घालून ठेवू, सांधे फुगून मिटतील. मी टेम्पो सांगते. महेशलाही बोलावते, चार पोरं लागतील उचलायला. भागीबाईला गाडीत घालून आणू. दीपकला सांगते, आईला घेऊन ये म्हणून. दीपक शीड चढवेल, मी सुकाणू धरेन. नारळ तू फोड, हळदकुंकू तू लाव, काय ते सगळं तुझ्या पद्धतीने कर, अक्षता पुन्हा टाकायच्या तर टाक." मग त्यांनी पाण्यावरची नजर ललिताकडे वळवली. "पण त्यानंतर, सगळ्यांच्या आधी, तू पाय ठेव त्यात. सगळ्यांसमोर. आणि बस. पलीकडच्या काठापर्यंत. एवढं माझ्यासाठी करशील का?"